मदत हवी आहे: विद्यार्थ्यांसाठीच्या जुन्या, मोघम प्रकल्प-कल्पना यादीतून काढायच्या कशा?

नमस्कार मंडळी,

फोंड्याहून लिहितोय. देवनागरी शुद्धलेखन तपासणारं एक छोटं मुक्त सॉफ्टवेअर आम्ही चार-पाच जण सांभाळतो, मराठी आणि कोकणी दोन्हींसाठी. हनस्पेल या शुद्धलेखन तपासणाऱ्या मुक्त प्रणालीवर बेतलेलं आहे, त्यामुळे लिबरऑफिस या मुक्त ऑफिस-संचात सरळ बसतं. पोटापाण्याचे धंदे वेगळे, हे रविवारचं काम.

प्रश्न आहे आमच्या 'विद्यार्थ्यांसाठी कल्पना' या पानाचा. गूगल समर ऑफ कोडमध्ये (नवख्यांना मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांत मार्गदर्शकाच्या हाताखाली काम देणारा गूगलचा कार्यक्रम) आम्ही एका मोठ्या संस्थेच्या छत्राखाली जातो. संस्थांचे अर्ज जानेवारीच्या उत्तरार्धात सुरू होतात आणि फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात संपतात. अर्जात सगळ्यात बारकाईनं बघतात ते कल्पनांचं पान. तिथल्या समन्वयक बाईंनी यंदा स्वच्छ सांगितलंय, पान नीट करा, नाहीतर तुमचा भाग वगळते.

काल रात्री बसून चाळलं. एकूण २३ कल्पना. त्यातल्या ५ ठीक आहेत. ३ मेलेल्याच आहेत: फायरफॉक्सचा टूलबार ज्या पद्धतीवर करायचा होता, ती फायरफॉक्सनं नोव्हेंबर २०१७ मध्ये ५७ व्या आवृत्तीपासून बंद केली. 'पायथन २ चा कोड ३ वर आणणे' (पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा) अजून झळकतंय. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला आणि ते काम आम्ही स्वतःच कधीचं उरकलंय. तिसरीचीही तीच गत. ९ कल्पनांपुढे ज्यांची नावं मार्गदर्शक म्हणून आहेत, ती माणसं प्रकल्पात उरलेलीच नाहीत.

डोकं खातात त्या उरलेल्या ६. एक नमुना: 'शुद्धलेखन तपासणी अधिक हुशार करणे.' संपलं. वर्णनही तेवढंच.

आणि दुसरी, 'रोमी कोकणीचं (म्हणजे रोमन लिपीत लिहिलेल्या कोकणीचं) देवनागरीत लिप्यंतर'. ही ऐकायला इतकी छान वाटते की गेल्या वर्षी एका मुलीनं ती ३५० तासांचा प्रकल्प म्हणून घेतली. पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं, "सर, बरोबर उत्तर कुठलं धरायचं?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. रोमीत 'टी' हे अक्षर त ला पण चालतं आणि ट ला पण. 'डी'चं तेच, द आणि ड. 'एक्स' म्हणजे श. शब्दाच्या शेवटी 'एम' आला तर बहुधा तो नुसता अनुनासिक. 'गोंय' रोमीत लिहिताना शेवटी 'एम' येतो, पण उच्चारात म नाहीच. वर लिहिणाऱ्यागणिक स्पेलिंग निराळं. कुठलं स्पेलिंग घ्यायचं, तपासणीसाठी शब्द कुठून आणायचे, चुका किती चालतील, यातलं काहीच आम्ही ठरवलं नव्हतं. तीनदा दिशा बदलली. शेवटी तिला उत्तीर्ण केलं, पण तिचा कोड आजही मुख्य शाखेत, म्हणजे प्रत्यक्ष सॉफ्टवेअरमध्ये, गेलेला नाही. पोर मेहनती होती. चूक आमची.

तर विचारायचं हे: या कल्पना सरळ पुसून टाकायच्या की कुठे ठेवायच्या? मोघम कल्पना दुरुस्त करत बसावं की काढाव्यात? आणि नाजूक भाग, यातल्या बहुतेक आमच्या एका ज्येष्ठ सरांनी लिहिल्यात. प्रकल्प त्यांनीच उभा केला. त्यांना कसं सांगू?

---

म्हापशेकर: पुसू नकोस रे. जुन्या मुलांच्या प्रस्तावांत त्या पानाचे दुवे असतात, ते तुटतील. 'निवृत्त कल्पना' असं वेगळं पान कर. प्रत्येकीपुढे तारीख आणि एका ओळीत कारण. गिटहबवरचे (जिथे कोड ठेवतात ते संकेतस्थळ) इश्यू, म्हणजे कामांच्या नोंदी, 'नॉट प्लॅन्ड' म्हणून बंद कर आणि 'नवशिक्यांसाठी' हे लेबल आठवणीनं काढ. मुलं लेबल लावूनच शोधतात, पान कोण वाचतो!

रात्रपाळी: मोघम कल्पनेची माझी परीक्षा अशी. मार्गदर्शकाला समोर बसवायचं आणि 'शेवटी हातात काय पडेल' हे दोन ओळींत लिहायला सांगायचं. वीस मिनिटांत जमलं नाही तर कल्पना बाहेर. गूगल मागतं तेही हेच: वर्णन, अपेक्षित फलित, लागणारी कौशल्यं, मार्गदर्शक, काठिण्य आणि आकार. आकार आता ९०, १७५ किंवा ३५० तास. ९० चा २०२४ पासून आलाय. रोमीचं काम ३५० वरून उतरवून बघा.

डिचोलीची: मला हे सगळं तितकंसं पटत नाही. मी स्वतः अशाच एका मोघम ओळीवरून प्रकल्पात आले होते. सगळं आखून दिलंत तर मुलांनी विचार कधी करायचा?

रात्रपाळी: ताई, तुम्ही आलात आणि टिकलात. जे दोन आठवड्यांत गप्प निघून गेले ते इथे लिहायला नाहीत. 'स्वतःची कल्पना आणा, पण आधी बोला' अशी एक ओळ ठेवली की तुमच्यासारख्यांना दार उघडं राहतं.

डिचोलीची: बरं, ते चालेल. आणि सरांना मेल करू नका हं. घरी जा.

---

धागाकर्ता: उशीर झाला, माफ करा. ताईंचं ऐकून सरांकडे वाळपईला जाऊन आलो. छापील यादी पुढे ठेवताना हात थरथरत होते खरं तर. सरांनी चष्मा लावला, पहिलं पान वाचलं आणि हसायलाच लागले. म्हणे त्या वर्षी पान रिकामं दिसू नये म्हणून अर्ध्याअधिक कल्पना त्यांनी एका रात्रीत लिहिल्या होत्या! आम्ही इतकी वर्षं त्या देव्हाऱ्यातल्या मूर्तींसारख्या जपतोय.

आता हिशोब असा: ६ यादीत, १६ निवृत्त पानावर. सहावी म्हणजे रोमी, पण १७५ तासांची: एकच ठरलेलं स्पेलिंग, दोघांनी तपासलेले २००० शब्द, नियमांचा तक्ता आणि चाचण्या. जिथे त की ट कळत नाही तिथे प्रोग्रामनं अंदाज न बांधता दोन्ही पर्याय दाखवायचे. ती तपासलेली शब्दयादी उन्हाळ्याआधी आम्ही करायची, मुलांच्या गळ्यात मारायची नाही. गेल्या वर्षीच्या मुलीला विचारलं, ती दुसरी मार्गदर्शक व्हायला तयार आहे.

तेविसाव्या कल्पनेवर मात्र सर अडून बसलेत, जुन्या छापील मराठीचं ओसीआर, म्हणजे पानाच्या चित्रातून मजकूर ओळखणं. टेसरॅक्ट या मुक्त ओसीआर प्रोग्राममध्ये मराठी आहेच, पण झिजलेल्या टायपाच्या पानांवर ते अडखळतं. मी म्हटलं, पडताळायला अचूक टाइप केलेली २०० पानं हवीत, त्याशिवाय ही यादीत नाही. सर म्हणाले, मी करतो.

आजवर ११ आली आहेत. अर्जाची मुदत जवळ आलीय. ही कल्पना यंदा वगळून पुढच्या वर्षी घ्यावी, की कमी पानांवर ९० तासांची करता येईल? ओसीआरचा अनुभव असलेल्या कुणी सांगाल का?