चालू खात्यावरची तूट वर्षानुवर्षं चालू शकते का?

जिज्ञासू:
ऑस्ट्रेलियाच्या चालू खात्यावर (म्हणजे व्यापार, व्याज वगैरेंपोटी परदेशातून येणारा आणि तिकडे जाणारा पैसा यांच्या हिशेबात) १९७५ पासून २०१९ पर्यंत जवळजवळ सतत तूट होती, तरी देश बुडाला नाही. थायलंडला मात्र १९९७ मध्ये तुटीने तोंडघशी पाडलं. किती टक्के, किती वर्षं, अशी काही मर्यादा असते का?

ताळेबंद:
वर्षं मोजून हाती काही लागत नाही. तूट म्हणजे त्या वर्षी जगाचं आपल्याकडे निघणारं येणं तेवढं वाढलं. पण अर्थव्यवस्थाही वाढत असते. समजा तूट दरवर्षी जीडीपीच्या ३ टक्के आहे (व्याज त्यातच धरून) आणि जीडीपी महागाईसकट ५ टक्क्यांनी वाढतो. मग निव्वळ देणी (जगाला देणं वजा जगाकडून येणं) जीडीपीच्या साधारण ६० टक्क्यांपाशी स्थिरावतात. ३ भागिले ५, बस्स. वाढ २ टक्क्यांवर आली की हाच आकडा दीडशेकडे निघतो. तूट तीच, तरी देश अडचणीत! हे गणित न करता कुणी 'तूट वाईटच' किंवा 'काही होत नाही' म्हणालं की मला राहवत नाही.

पाणवठा:
पण कर्ज खासगी क्षेत्राचं असेल तर चिंता नको, असं ब्रिटनचे अर्थमंत्री नायजेल लॉसन म्हणायचे ना?

ताळेबंद:
हो, आणि थायलंडने तेच खोटं ठरवलं. तिथलं सरकार संकटाआधी कित्येक वर्षं शिलकीत होतं. कर्ज बँकांचं आणि कंपन्यांचं, डॉलरमधलं, बरंचसं वर्षाच्या आत फेडायचं. १९९६ मध्ये तूट जीडीपीच्या ८ टक्क्यांच्या आसपास, आणि बाट हे तिथलं चलन डॉलरला जवळपास बांधलेलं. २ जुलै १९९७ ला ते मोकळं सोडावं लागलं आणि कोसळलं. कमाई बाटमध्ये, कर्ज डॉलरमध्ये. चांगल्या चाललेल्या कंपन्याही त्यात गेल्या, लोकांच्या नोकऱ्या गेल्या. ऑस्ट्रेलियाचं चलन १९८३ पासून बाजारावर सोडलेलं, आणि परकीय कर्ज बहुतांश स्वतःच्या डॉलरमध्ये किंवा विनिमय दर बदलल्यास होणाऱ्या नुकसानीपासून आधीच संरक्षण घेतलेलं. तिथे चलन घसरलं की बोजा फारसा फुगत नाही, उलट निर्यातीला हात मिळतो.

जिज्ञासू:
आणि अमेरिका?

ताळेबंद:
१९९१ चा अपवाद सोडला तर १९८२ पासून दरवर्षी तूट. देणी मुख्यतः डॉलरमध्ये, परदेशातली मालमत्ता बरीचशी इतर चलनांत, त्यामुळे डॉलर पडला तर तिची निव्वळ देणी हलकी होतात. ही सोय सगळ्याच देशांना नाही, म्हणून अमेरिकेचा दाखला देऊन स्वतःच्या तुटीचं समर्थन करणाऱ्या मंत्र्याला आधी विचारावं: तुमचं कर्ज कोणत्या चलनात आहे, आणि पुढच्या बारा महिन्यांत किती फेडायचं आहे?