ग्रुपमधल्या मुली सगळं माझ्यावर टाकतात, काय करू?

पंचवटीकर: बीएस्सी नर्सिंग, दुसरं वर्ष, नाशिक. केअर प्लॅन, म्हणजे पेशंटची काळजी कशी घ्यायची त्याचा लेखी आराखडा, मी रात्री दोनपर्यंत जागून लिहिते आणि सकाळी वॉर्डला जायच्या आधी बाकीच्या फोटो काढून उतरवतात, काल तर मॅडमनी माझीच फाईल कॉपी समजून परत केली, लाल पेनने पानभर मारलेली काट बघून सिटी बसमध्येच रडू आलं. त्यात ड्रिप रेटची, म्हणजे सलाईन मिनिटाला किती थेंब सोडायचं त्याची, गणितं डोक्यात शिरत नाहीत.

म्हसरूळची_ताई: अगं रडू नकोस. फाईल कुणाला देऊच नको, "सही झाल्यावर बघ" एवढंच सांग. आणि गणित सोपंय गं, ५०० मिली, ८ तास म्हणजे ४८० मिनिटं, मिलीला २० थेंब पडणारा सलाईनच्या नळीचा सेट, तर ५०० गुणिले २० भागिले ४८०, मिनिटाला साधारण २१ थेंब. सेटच्या पाकिटावर मिलीला किती थेंब ते छापलेलं असतं ते आधी बघ, बारीक थेंबांच्या मायक्रो सेटला ६० असतात, मी तिथेच चुकायचे.

सिडकोवाला: मॅडमना एकटी भेट, पेशंटशी बोलून केलेली कच्ची वही दाखव. प्रॅक्टिकलची हजेरी १०० टक्के लागते, रागात वॉर्डची पोस्टिंग बुडवू नकोस.

पंचवटीकर: कच्ची वही आहे माझ्याकडे! उद्याच दाखवते. थँक्यू ताई, दादा.