रिमवर्ल्ड या वसाहत चालवण्याच्या कंप्युटर गेममधल्या ‘असाइन’ला मराठीत काय म्हणाल?

काठावरचा: वर्क टॅबवर, म्हणजे माणसं आणि कामं यांच्या तक्त्यावर, कामं वाटून देतो, त्या क्रियेला शब्द हवाय. ‘नेमणे’ बरं वाटतं, पण फार सरकारी. आणि ‘प्रायॉरिटी’ला प्राधान्यच ना?

गवंडी: प्राधान्य नको. मॅन्युअल प्रायॉरिटीज (क्रम आकड्याने देण्याची सोय) चालू केल्यावर प्रत्येक माणसाच्या प्रत्येक कामाच्या चौकोनात १ ते ४ आकडे येतात आणि १ सगळ्यात आधी. ‘प्राधान्य ४’ ऐकलं की ४ मोठं वाटतं, नवखा हमखास उलटं भरतो. ‘अग्रक्रम १’ म्हटलं की घोळच नाही.

चुलीपाशी: अग्रक्रमाला अनुमोदन. पण आकडा सारखा असेल तर डावीकडचं काम आधी होतं, हे शब्दात मावत नाही. स्वयंपाक, बांधकाम, हमाली, सफाई सगळ्यांना १ दिला आणि चुलीवर न संपणारं बिल (शिजवत राहायचा हुकूम) लावलं, की तो गडी स्वयंपाकातून उठतच नाही. सफाई या सगळ्यांच्या उजवीकडे, तिची पाळी येत नाही. मग स्वयंपाकघर घाण, आणि त्यातून अन्नविषबाधा. अशा वेळी सफाईला एक वेगळा माणूस द्यावा, त्याच्या बाकीच्या कामांना ३-४.

काठावरचा: ‘हमाली’ म्हणजे हॉलिंग का? मी वाहतूक म्हणत होतो.

चुलीपाशी: वाहतूक म्हटलं की रस्ता, सिग्नल आठवतो. पोती उचलून कोठारात नेणं ही हमालीच. तसंच प्लँट कटला ‘तोडणी’. ग्रोला मात्र ‘शेती’, कारण त्यात पेरणी आणि वाफ्यातली काढणी दोन्ही येतात.

गवंडी: मूळ प्रश्नाकडे येतो. इथे क्रिया दोन आहेत. चौकोनात आकडा भरणं ही नेमणूक. माणूस त्या कामावर आहे एवढंच, कधी करायचं ते तो क्रमाने ठरवतो. राइट क्लिक करून ‘आत्ता हेच कर’ सांगणं हे जुंपणं. रिकाम्या चौकोनाच्या माणसाला जुंपायला गेलात तर मेनू ‘नॉट असाइन्ड’ सांगून अडवतो. म्हणजे आधी नेमा, मग जुंपा.

काठावरचा: जुंपणे बैलांसाठी ना?

गवंडी: माणसांनाही म्हणतात, ‘दिवसभर कामाला जुंपलंय’. सक्तीची छटा आहे, तीच इथे हवी.

चुलीपाशी: आणि चौकोनच नसेल, म्हणजे पार्श्वभूमीमुळे ते काम त्याला जमणारच नसेल, तर? ‘अकुशल’ म्हणू नका, ते कौशल्य ० वाल्याला. हा ‘असमर्थ’.