पुसेगावची यात्रा: जनावरांचा बाजार आधी की पाळणे आधी?

येरळाकाठ:
मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला सेवागिरी महाराजांचा रथ निघतो, नोटांच्या माळांखाली तो दिसेनासा होतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात तेवढाच फोटो येतो. पण सातारा जिल्ह्यातल्या खटाव-माणच्या कोरडवाहू पट्ट्यात ही यात्रा नावाजली ती खिलार जातीच्या जनावरांच्या बाजारामुळे. दातांवरून आदत (दुधाचे दात), दुसा (दोन दात), चौसा (चार दात) असे वयाचे गट पाडून निवड व्हायची, नंबर आलेल्या खोंडाचा मालक वर्षभर चावडीवर ताठ मानेनं बसायचा. माझं मत सरळ आहे: पाणी, चारा, सावली, जनावरांचा डॉक्टर यांची सोय आधी लावा, आकाशपाळण्यांना जागा उरली तर द्या.

डिझेलवाला:
भाऊ, बैल घेणार कोण? आमच्या भावकीत एक बैलजोडी उरलीय, तीही चुलत्यांच्या हट्टापायी. बाकी नांगरट, पेरणी सगळी ट्रॅक्टरवर. २०१९ च्या पशुगणनेत देशातले नर गोवंश २०१२ च्या मानानं ३० टक्क्यांनी घटले. गिऱ्हाईक नसताना बाजार भरवायचा तो कुणाच्या हौसेसाठी? त्यापेक्षा कृषी प्रदर्शनात ठिबक बघू, आल्या-बटाट्याचं बियाणं बघू. पोट त्यावर चालतं.

येरळाकाठ:
गिऱ्हाईक आपोआप गेलं नाही. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बैलगाडा शर्यती बंद झाल्या, २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानं भाकड बैल विकायची वाट बंद केली. मग खोंड सांभाळायचा कशाच्या जोरावर? डिसेंबर २०२१ ला शर्यतींना परवानगी मिळाली आणि आदत खोंडांचे भाव बघता बघता कुठल्या कुठे गेले. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगामुळे राज्यभर जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले, तो फटका वेगळाच.

डिझेलवाला:
म्हणजे बाजार शेतीवर नाही, शर्यतीच्या मैदानावर जगतोय. शर्यतीत गट पास झालेल्या (पहिली फेरी जिंकलेल्या) खोंडाला लाखांत मागणी आणि औताच्या बैलाला कुणी विचारत नाही. याला शेतकऱ्याचा बाजार म्हणायचं का?

मोहोळची_सून (माहेर खटाव):
दोघंही पुरुषांच्याच यात्रेबद्दल बोलताय. बैलबाजारात आम्हाला कुणी कधी नेलं? आमची यात्रा म्हणजे रथाला नारळ, बांगड्या, पितळी भांडी आणि पोरांचा पाळणा. आणि हो, धारा काढायच्या आम्ही, शेण काढायचं आम्ही, पण गाईचा सौदा रुमालाखाली बोटं दाबून हेडी (जनावरांचा व्यापारी) आणि सासरे ठरवणार. पाळणे हटवायचे असतील तर आधी दुभत्या जनावरांची स्पर्धा मोठी करा आणि पंच म्हणून दोन बायका बसवा. मग बघू.

येरळाकाठ:
पंचांचं पटलं, हे ग्रामसभेत मांडायला हवं. पाळण्यांचं नाही पटलं.

दावणीवरचा:
हेडी म्हणून दोन शब्द. रुमाल कधीच गेला, आता खोंडाचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर येतो, सौदा घरबसल्या. तरी माणसं यात्रेला येतात, कारण दात, खूर, चाल आणि जनावराचा स्वभाव मोबाईलवर कळत नाही. मारकं जनावर व्हिडिओत गरीबच दिसतं. जागेवरून भांडू नका, रात्री दावणीला उजेड आणि प्यायला पाणी द्या, माणूस चार दिवस मुक्काम करील. मुक्काम केला की पाळणेवाल्याचा पण धंदा होतो.

डिझेलवाला:
पाण्याचं ठीक. पण टँकरचा खर्च हेड्यांनी उचलावा, गावानं का?