स्वालबार्डचा माहितीपट: ५०० मीटरवरून अस्वल दाखवायचं कसं?

लांबभिंग: स्वालबार्डात, म्हणजे नॉर्वेच्या आर्क्टिकमधल्या बेटांवर, १ जानेवारी २०२५ पासून ध्रुवीय अस्वलापासून ३०० मीटर लांब राहावं लागतं, १ मार्च ते ३० जून तर ५००. हा नियम माहितीपटाच्या मुळावर आलाय. हिशेब करा. ६०० मिमीची लेन्स, तिचा पल्ला १.४ पट करणारा टेलिकन्व्हर्टर, झाले ८४०. फुल फ्रेमवर (३६ मिमी रुंद सेन्सरवर) ५०० मीटरवरची चौकट साधारण २१ मीटर रुंद. त्यात अडीच मीटरचं अस्वल म्हणजे फोर-केच्या ३८४० पिक्सेल रुंदीत जेमतेम साडेचारशे पिक्सेल. वर उन्हात बर्फावरची हवा थरथरते ती वेगळीच. लेन्स वाढवली की थरथरही वाढलेली दिसते. पिलांना घेऊन मादी बिळाबाहेर येते मार्च-एप्रिलात, आणि नेमकं तेव्हाच ५००!

उणेवीस: तेव्हाच, कारण ती मादी कित्येक महिने उपाशी असते. स्नोमोबाइलला बिचकून पिलांसकट पळाली, तर उरलीसुरली चरबीही त्यातच जळते. तुमच्या क्लोजअपची किंमत तिने का मोजावी? आणि थरथर निम्मी तुमचीच. उबदार केबिनमधून काढलेली लेन्स लगेच रोखली, की पुढच्या हुडमध्येच (उन्हाच्या नळीसारख्या झाकणात) गरम हवा नाचते. आधी तासभर बाहेर ठेवा. एप्रिलअखेर सूर्य मावळतच नाही, तेव्हा रात्री अकरा ते तीन शूट करा. परत आत नेताना घट्ट बांधलेल्या पिशवीतून न्या, नाहीतर काचेवर दव धरतं.

लांबभिंग: लेन्सचं मान्य. पण रात्री तीनलाही साडेचारशे पिक्सेलचे हजार होत नाहीत.

खाणकामगार: दोघंही अस्वलातच अडकलात. लाँगइयरब्येनमध्ये, स्वालबार्डच्या मुख्य गावात, अडीचेक हजार माणसं राहतात, घरं खांबांवर, म्हणजे घराच्या उबेने खालची गोठलेली जमीन विरघळू नये. शेवटची नॉर्वेजियन कोळसा खाण २०२५ मध्ये बंद झाली. बाळंतपणासाठी बायकांना मुख्य भूमीवर जावं लागतं. हे चित्रित करायला कुठलं अंतर आडवं येतं? न्यू-ऑलेसुंड या संशोधकांच्या गावी, जिथे २००८ पासून भारताचं 'हिमाद्री' संशोधन केंद्र आहे, तिथे मात्र वेगळीच गंमत. रेडिओ दुर्बिणीमुळे २० किलोमीटरच्या परिसरात २ ते ३२ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरी सोडण्यावर निर्बंध. २.४ गिगाहर्ट्झचा बिनतारी कॉलर माइक नेलात, तर तो पेटीतच राहील.

उणेवीस: वायरचा माइक न्या. थंडीत साधी केबल ताठ होऊन तडकते, सिलिकॉनच्या आवरणाची घ्या.

लांबभिंग: चला, खाणीपुरतं तरी अंतर मोजावं लागणार नाही.