नात्यातल्या माणसाच्या कर्जाला जामीन राहावं का?

बार्शीकर

माझं मत आधीच सांगून टाकतो. सख्खा भाऊ असो, साडू असो नाहीतर शाळेपासूनचा मित्र, कुणाच्याही कर्जाला जामीन राहू नये. अडचण खरी असेल तर झेपतील तेवढे पैसे द्यावेत, ते परत येणार नाहीत असं धरूनच द्यावेत. सहीला मात्र तोंडावर नाही म्हणावं.

'एक सही तर करायची आहे' असं म्हणत माणूस फॉर्म पुढे करतो, आणि म्हणतो तेही मनापासून. पण त्या सहीचा अर्थ भारतीय करार कायद्यात १८७२ पासून लिहिलेला आहे. कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. पुष्कळांना वाटतं की बँक आधी कर्जदाराचं घरदार विकेल आणि मग काही उरलं तर आपल्याकडे येईल. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ सालीच 'बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद' खटल्यात सांगितलंय की बँकेने असं थांबायची गरज नाही. आणि व्यवहारात तर काय, कर्जदाराचा धंदा बसलेला असतो, त्याच्याकडून वसूल करायला काही नसतं. जामीनदाराचा पगार मात्र महिन्याच्या महिन्याला होतो. पतसंस्था पगारदार जामीनदार का मागतात ते यात आलं.

माझे वडील नोकरीत असताना त्यांच्या आतेभावाच्या कर्जाला जामीन होते. द्राक्षबागेचं कर्ज. लागोपाठ हंगाम हातचे गेले, हप्ते थकले आणि वडिलांच्या पगारातून कपात सुरू झाली ती निवृत्तीपर्यंत. पैशाचं आम्ही पचवलं. पण काकांनी आमच्या गल्लीतून येणंजाणं बंद केलं. ताईच्या लग्नात ते आले, मांडवाच्या कडेला उभं राहून अक्षता टाकल्या आणि न जेवता गेले. वडील प्रत्येक पंगतीत त्यांना शोधत फिरत होते. काका लबाड नव्हते हो. लबाड असते तर निवांत जेवून गेले असते. त्या सहीने दोन चांगल्या माणसांना एकमेकांसमोर उभं राहणं अशक्य करून टाकलं.

भीड ही भिकेची बहीण, असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. नाही म्हटल्यावर माणूस चार महिने रुसेल, पण बोलणं राहील.

मधली सुट्टी

बार्शीकर, तुमच्या वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. तरी तुमचं म्हणणं मला मान्य नाही.

मी शिक्षक आहे. आमच्यासारख्यांच्या पगारदार पतसंस्था महाराष्ट्रात तालुक्या-तालुक्यांत आहेत आणि त्या उभ्याच आहेत एकमेकांच्या सह्यांवर. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये फॉर्म फिरतो. कुणाच्या बायकोचं ऑपरेशन असतं, कुणाच्या पोरीची फी, कुणाचा स्लॅब अर्धा पडून राहिलेला. दोन सहकारी सही करतात आणि थोड्याच दिवसांत पैसे हातात येतात. ज्याच्या नावावर ना जमीन ना सोनं, त्या माणसाकडे तारण म्हणून चार लोकांचा विश्वासच असतो. तो विश्वास आपण काढून घेतला तर तो जाणार कुठे? सावकाराकडे. अवैध सावकारीविरुद्ध २०१४ चा कायदा आला म्हणून गावातले सावकार गेलेले नाहीत.

'झेपतील तेवढे पैसे द्या' म्हणणं सोपं आहे. अडलेल्याला तीन लाख हवेत आणि तुम्ही त्याच्या हातावर दहा हजार ठेवून मोकळे होता. त्याने दहा हजार घ्यायचे, आभार मानायचे आणि सावकाराचं दार ठोठवायचं. आज तुम्ही माझ्यासाठी, उद्या मी तुमच्यासाठी, याला आम्ही सहकार म्हणतो.

मुक्ता

सर, सहकार मान्य. पण सही करताना घरी कोण विचारतं?

आमच्या घरी मला कळलं ते दाराला चिकटवलेल्या नोटिशीवरून. शेजारच्या काकूंनी माझ्याआधी वाचली होती. यांनी चुलतभावाला सही दिली होती आणि 'तुला उगाच टेन्शन नको' म्हणून सांगितलं नव्हतं. सहकारी संस्थेला महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळाला की पगारावर, घरातल्या वस्तूंवर जप्ती येऊ शकते, हे मला तेव्हा प्रथम समजलं. मी घरखर्चातून वाचवून मुलाच्या कॉलेजसाठी ठेवलेली एफडी त्यात मोडली. भावाचा शब्द यांनी राखला, किंमत मी आणि माझ्या मुलाने दिली.

म्हणून माझी अट एकच आहे. नवरा-बायको दोघांना ठाऊक नाही अशी सही कुणीही करू नये. बायकोनेही करू नये. ज्या मैत्रीची गोष्ट घरी सांगायची सोय नाही तिच्यासाठी घरातले पैसे ओलीस ठेवायचा हक्क कुणाला नाही.

इंद्रायणीकाठ

इथली चर्चा फार हिशोबी होते आहे. आपण वारकऱ्यांच्या मुलखातली माणसं. तुकोबांच्या घरी सावकारी होती. दुष्काळानंतर त्यांनी लोकांची कर्जखतं इंद्रायणीत सोडून दिली, असं परंपरा सांगते. माणूस बुडताना बघवत नाही म्हणून त्यांनी स्वतःचं नुकसान पत्करलं. आपण त्यांचं नाव घ्यायचं आणि भावाला सही नाकारायची?

माणसाचं चारित्र्य सोयीच्या वेळी कळत नाही. काही तरी पणाला लावावं लागतं तेव्हाच ते दिसतं. बार्शीकर, तुमच्या वडिलांनी ते दाखवलं. तुम्ही त्यांच्या आयुष्यातून नेमका उलटा धडा घेताय.

बार्शीकर

इंद्रायणीकाठ, तीच परंपरा पुढे काय सांगते तेही बघू. तुकोबांनी सगळी खतं बुडवली नाहीत. आधी वाटणी केली. अर्धी धाकट्या भावाला, कान्होबांना दिली आणि आपल्या वाट्याची तेवढी सोडली. भावाच्या संसारावर त्यांनी आपलं वैराग्य लादलं नाही. मुक्ताताई तेच तर सांगतायत. द्यायचं ते आपल्या वाट्यातून द्यावं. जामीनकीत माणूस स्वतःचा वाटा देत नाही, पुढच्या दहा वर्षांचा सगळ्या घराचा वाटा लिहून देतो, आणि त्या घरात पाचवीतली मुलगीही असते.

वडिलांचं चारित्र्य मी कधीच नाकारलं नाही. त्यांनी एकदाही काकांबद्दल वाकडा शब्द काढला नाही. मोठा माणूस. पण तो मोठेपणा आईच्या गळ्यातल्या पोतीवर चालला होता.

कोर्ट नाका

करार कायद्याचं अर्धंच इथे आलंय, बाकीचं सांगतो. जामीनदाराने कर्ज भरलं तर ती रक्कम कर्जदाराकडून मागायचा हक्क त्याला आहे (कलम १४५). बँकेकडे असलेले तारणावरचे हक्कही त्याच्याकडे येतात (कलम १४०). दोन जामीनदार असतील आणि वेगळं काही ठरलेलं नसेल तर बोजा सारखा वाटून घ्यायचा असतो. आपल्या संमतीशिवाय बँकेने आणि कर्जदाराने कर्जाच्या अटी बदलल्या तर त्या बदलानंतरच्या व्यवहारातून जामीनदार सुटतो (कलम १३३). मात्र छापील जामीनपत्रात ही सवलत आधीच सोडून दिल्याचं वाक्य पुष्कळदा असतं. तेच कुणी वाचत नाही, कारण मागणारा समोर चहा घेऊन बसलेला असतो.

आणखी एक. हे कर्ज तुमच्या सिबिल अहवालात, म्हणजे बँका बघतात त्या तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, दिसतं. त्याने हप्ते थकवले की तुमचं गृहकर्ज अडू शकतं. कोऱ्या जागा असलेल्या फॉर्मवर तर देवालाही सही देऊ नका.

मधली सुट्टी

हे उपयोगाचं लिहिलंत. पण कलम १४५ घेऊन मावसभावावर दावा कोण लावणार? कागदावरचा हक्क नात्यात वापरता येत नाही, इथे मी बार्शीकरांच्या बाजूने आहे.

आर्या

मी दुसऱ्या टोकाकडून लिहिते. मी ती आहे जिच्यासाठी कुणीतरी सही केली.

मी शिकत होते तेव्हा शैक्षणिक कर्ज चार लाखांच्या वर गेलं की साडेसात लाखांपर्यंत तिसऱ्या माणसाची हमी लागायची. बाबा नव्हते. तिन्ही मामांनी कारणं सांगितली. आईच्या मैत्रिणीने सही केली. नर्स होत्या, स्वतःचं घरही भाड्याचं. त्यांनी बार्शीकरांसारखा विचार केला असता तर मी आज इंजिनिअर नसते. या एका वाक्यापुढे मला कुठलंही कलम मोठं वाटत नाही.

पण सगळी चर्चा जामीनदाराने काय करावं यावरच चालली आहे. कर्जदाराने काय करावं? नोकरी लागल्यापासून दर महिन्याला हप्ता गेला की मी पासबुकाचा फोटो काकूंना पाठवायचे. एका वर्षी कंपनीने पगार रखडवले. हप्ता चुकणार हे दिसताच बँकेच्या आधी मी काकूंकडे गेले, काय झालंय आणि केव्हा भरणार ते सांगितलं. त्यांनी मला जेवायला वाढलं आणि दागिने ठेवून एक हप्ता स्वतः भरला. तो मी पुढे फेडला. बार्शीकर, रागावू नका, पण तुमच्या काकांनी मांडवातून निघून जाण्याऐवजी तुमच्या वडिलांच्या शेजारी पाटावर बसायला हवं होतं. नातं सहीने तुटलं नाही. काका भेटेनासे झाले तेव्हा ते तुटलं.

बार्शीकर

रागावलो नाही, आर्या. काका लाजले म्हणून आले नाहीत, हे मला कळतं. पण तुमच्यासारखं समोर येऊन बसणारी माणसं फार थोडी, आणि कोण बसेल हे सही करताना कळत नाही. तुमच्या काकूंना ते कळलं. माझ्या वडिलांना भाऊ कळला होता, त्याची लाज कळली नव्हती. मी मत बदलत नाही. एवढं मात्र मान्य करतो की माझा नियम सगळ्यांनी पाळला असता तर तुमची फी भरली गेली नसती, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

मुक्ता

आर्या, त्या काकूंच्या घरच्यांना ठाऊक होतं का सहीचं?

आर्या

हो. त्यांच्या सासूबाई मला प्रत्येक दिवाळीत विचारायच्या, 'किती राहिलं गं?' तेव्हा राग यायचा. आता येत नाही.

मधली सुट्टी

आमच्या संस्थेच्या पुढच्या वार्षिक सभेत मी एक ठराव मांडणार आहे. हप्ता थकला की पहिल्याच महिन्यात जामीनदाराला लेखी कळवायचं, आणि जामीनपत्रावर जोडीदाराची 'वाचलं' म्हणून सही घ्यायची. दुसऱ्या मुद्द्यावर स्टाफरूममध्ये भांडणं होणार, हे आत्ताच दिसतंय. कोर्ट नाका, मसुदा तपासून द्याल का?