अनुभव धागा: घरच्या घरी बाथरूम नवी करताना (सोलापूरच्या पाण्यासकट)

5 बाय 7 फुटांची बाथरूम स्वतः उकरून नवी करायची, तर माप, माल आणि कुठे चुकतं तेवढंच लिहा, वर आपला भाग टाकून. आमच्या घरी काय रामायण झालं ते नको. लाइटचं काम वायरमनकडेच द्यायचं, त्यावर चर्चा नाही.

जुळे सोलापूर, पहिला मजला

सगळा खेळ टाइलच्या खाली आहे. जुनी फरशी काढताना ब्रेकर स्लॅबवर उभा धरू नका. तिरका धरून थर उचकटायचा, नाहीतर स्लॅबला तडे जातात आणि खालच्यांच्या छताला ओल येते. राडारोडा सिमेंटच्या गोणीत भरला तर 20 च्या वर गोण्या निघतात. त्या कुठे टाकायच्या हे आधी ठरवा.

पाइपाभोवतीची भोकं नॉन-श्रिंक ग्राउटनं (सुकल्यावर न आकसणारा सिमेंटी माल) भरा. भिंत-जमिनीच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढी गोलाई द्या. काटकोनात कोटिंग पहिलं तिथेच फाटतं. मग पॉलिमर-सिमेंटचं दोन भागांचं कोटिंग: पहिला हात आडवा, चार-सहा तासांनी दुसरा उभा. भिंतीवर फूटभर, शॉवरच्या बाजूला सहा फूट.

डब्यावर लिहिलेले दिवस सुकू द्या. मग नहाणी ट्रॅप (पाणी जायचं जाळीचं तोंड) बंद करून 48 तास इंचभर पाणी साठवा. 35 चौरस फुटांना इंचभर म्हणजे सुमारे 82 लिटर, 15 लिटरच्या साडेपाच बादल्या. नळाला रोज पाणी नसतं, तेव्हा ही चाचणी पाणी येण्याच्या दिवसाला धरून लावा. आणि एक गंमत बघा: एप्रिल-मेमध्ये पाणी नुसत्या उन्हाळ्यानंच उतरतं. म्हणून भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारा आणि शेजारी एका बादलीतही पाणी ठेवून तिला खूण करा. दोन्हीकडे सारखंच उतरलं तर बाष्प, जमिनीवरचं जास्त उतरलं तर गळती.

साखर पेठ, जुनं घर, तळमजला

तळमजल्याला गळतीपेक्षा खचण्याची भीती. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. जुनी फरशी पोकळ वाजत असेल तर वरून टाइल चिकटवू नका. माती काढा, मुरूम पाणी मारून थराथरानं ठोका, वर चार इंच काँक्रीट. ही पायरी गाळली तर नहाणीचा कोपरा वर राहतो आणि मधे डबकं होतं.

उतार फुटाला एक सूत (इंचाचा आठवा भाग). सात फुटांना सात सूत, म्हणजे इंचाला थोडा कमी. ट्रॅपची जाळी टाइलच्याही एक सूत खाली. नळीच्या लेव्हलनं (पाणी भरलेली पारदर्शक नळी) चारही कोपरे बघा, नुसत्या नजरेवर जाऊ नका.

शहाबादी चांगली असेल तर फेकू नका हो. शहाबाद आपल्याच रेल्वेमार्गावर, कलबुर्गीच्या थोडं पुढे. खडबडीत शहाबादी ओल्या पायाला घसरत नाही, फक्त सांधे उकरून नव्यानं भरायचे.

होटगी रोड

टाइलचं गणित: चारी भिंतींची लांबी 24 फूट, उंची 7, म्हणजे 168 चौरस फूट. दार वजा केलं की साधारण 150. 12 बाय 18 इंची टाइल दीड चौरस फुटाची, म्हणजे 100 नग. त्यावर 10 टक्के कापछाट धरा. सगळ्या खोक्यांवर एकच बॅच नंबर हवा, नंतर आणलेल्या खोक्याची छटा जुळत नाही.

ॲडेसिव्हची (टाइल चिकटवायचा तयार माल) 20 किलोची पिशवी 40-50 चौरस फुटांना पुरते. ॲडेसिव्हला टाइल भिजवायची नसते. ती सवय सिमेंटच्या कामाची. दातेरी थापीनं ओढा आणि टाइल लावल्यावर एखादी लगेच उचकटून पाठ बघा. माल जिथे लागला नाही तिथे पुढे पोकळ आवाज येतो आणि एक दिवस ड्रिल लावताना तडकते. उन्हाळ्यात दुपारी काम बंदच. भिंत तापलेली असते, ॲडेसिव्हवर पापुद्रा येतो, पकड जाते. टाइलच्या सांध्यात भरायचं इपॉक्सी ग्राउटसुद्धा पहाटे आणि थोडं थोडंच कालवा, डब्यातच दगड होतं.

विजापूर रोड, नळकाम

मोठ्या रेन शॉवरची हौस असेल तर आधी टाकीची उंची मोजा. दहा फूट उंचीला सुमारे 0.3 बार दाब मिळतो. बैठ्या घरात टाकी आणि शॉवर यांत पाच-सहा फूटच अंतर पडतं, म्हणजे जेमतेम 0.15-0.18 बार. रेन शॉवरला निदान अर्धा बार लागतो, नाहीतर धारेऐवजी ठिबक. टाकी उचला, खाली येणारा पाइप एक इंची ठेवा, नाहीतर छोटा प्रेशर पंप बसवा.

कन्सील्ड डायव्हर्टरच्या (भिंतीत गाडलेला, पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणारा कॉक) प्लास्टिक टोपीवर दोन रेघा असतात. टाइलची पुढची बाजू त्या दोहोंच्या मधे आली पाहिजे. प्लास्टर अर्धा इंच, ॲडेसिव्ह 4 मिमी, टाइल 8 मिमी हे आधीच धरून खाच करा. जास्त आत गेला तर मूठ बसत नाही आणि टाइल फोडावी लागते. सगळी तोंडं प्लगनं बंद करून 24 तास पाण्याच्या दाबाखाली ठेवल्याशिवाय खाच बुजवू नका.

कमोड घेण्याआधी ट्रॅपचं माप घ्या: टाइल लागलेल्या भिंतीपासून पाइपाच्या मध्यापर्यंत. एस-ट्रॅपला (ज्याचा पाइप खाली जमिनीत जातो) बहुधा 9 इंच. जुन्या भिंतीवर नवा थर चढला की हेच 9 चं 8 होतं आणि सीट मागे टेकते.

नळाला पाणी सुटतं तेव्हा पहिला गढूळ लोट सगळा गाळ घेऊन येतो. अँगल कॉकच्या (भिंतीतून निघणारा छोटा बंद-चालू कॉक) आधी जाळी हवी, ती उघडून धुता येईल अशी.

अशोक चौक

बोअरच्या जड पाण्याला काळी टाइल आणि काचेचं पार्टिशन म्हणजे रोजची पुसापुशी. पांढरे डाग पडतातच. फिकट करडी, खडबडीत फरशी घ्या. डागांवर बाटलीतलं ॲसिड ओतू नका, ते सिमेंटचं ग्राउट खातं आणि नळाचं क्रोम काळं करतं. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड), दहा मिनिटं ठेवून धुवा. संगमरवर-शहाबादीवर तेही नको, चुन्याचा दगड आहे.

विजापूर रोड, नळकाम

लिंबूफुलाला दुजोरा. गीझरचं राहिलं होतं: त्यातला मॅग्नेशियमचा रॉड (टाकी गंजू नये म्हणून असतो) बोअरच्या पाण्यात लवकर झिजतो, दरवर्षी उघडून बघा. म्हणून गीझर छताला चिकटवू नका, पाना फिरेल एवढी जागा सोडा. आणि सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडाला बूच मारू नका, ठिबकतो म्हणून लोक मारतात.